एव्हर्टनने गुडिसन सोडलं... पण मैदान नेमकं कुणाचं असतं?

उत्तर_स्टँड (धागालेखक)

इंग्लंडमधल्या एव्हर्टन या फुटबॉल क्लबचा पुरुष संघ मे २०२५ मध्ये गुडिसन पार्क या जुन्या मैदानावरून निघाला तेव्हा गप्पांच्या धाग्यावर बरीच हळहळ झाली. ती झाली हे बरंच झालं, पण मला दुसरंच बोलायचंय. आपण सरसकट 'घरचं मैदान' म्हणतो, पण त्या घराचा सातबारा कुणाच्या नावावर आहे हे क्वचितच विचारतो. माझं स्पष्ट मत: क्लबांच्या इतिहासाला मोठी वळणं चषकांनी कमी आणि जागेच्या मालकीने जास्त दिली आहेत.

नामी उदाहरण लिव्हरपूल शहराचंच. एव्हर्टन हा १८७८ मध्ये सेंट डोमिंगो या मेथडिस्ट चर्चच्या पोरांनी काढलेला क्लब. आधी स्टॅन्ली पार्कात खेळायचे आणि १८८४ पासून ॲनफिल्डवर. हो, तेच ॲनफिल्ड. जागा ओरेल नावाच्या बिअर कारखानदाराची. ती मिळवून दिली जॉन होल्डिंगने. तोही बिअरवालाच, वर शहरातला वजनदार राजकारणी. पुढे होल्डिंगने जागा स्वतःच विकत घेतली आणि १०० पौंडांचं भाडं काही वर्षांत २५० पौंडांवर नेलं. खेळाडूंनी कपडे बदलायचे ते त्याच्याच सँडन हॉटेलात, मैदानावर खाणंपिणं विकायचा हक्कही त्याचाच. १८९१ मध्ये एव्हर्टनने लीग जिंकली, तसा त्याचा आग्रह वाढला की आता क्लबने जागा माझ्याकडून विकतच घ्यावी, माझ्या किमतीला. क्लबात दारूविरोधी मेथडिस्ट मंडळी बरीच, त्यांना हे सगळंच खुपत होतं. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या जॉर्ज माहनच्या पुढाकाराने बहुतेक सभासद उठले, पार्क ओलांडून पलीकडे गेले आणि तिथे मैदान उभारलं. ते गुडिसन. २४ ऑगस्ट १८९२ ला उद्घाटन झालं, त्यात फुटबॉल नव्हताच. शर्यती झाल्या, आतषबाजी झाली.

इकडे होल्डिंगकडे मैदान आहे आणि खेळायला कुणी नाही. मग त्याने मार्च १८९२ मध्ये नवा क्लब काढला. नाव लिव्हरपूल एफसी. क्लबसाठी मैदान शोधतात हे ठाऊक होतं, इथे मैदानासाठी क्लब शोधला.

गुडिसन पुढे १३३ वर्षं टिकलं. एका कोपऱ्यात सेंट ल्यूक चर्च असं खेटून उभं की ते स्टँडचाच भाग वाटावं. ग्लासगोच्या आर्किबाल्ड लीच या अभियंत्याने बांधलेल्या बुलन्स रोड स्टँडवरची फुल्याफुल्यांची लोखंडी जाळी ही त्याची सही समजली जाते. १९६६ च्या विश्वचषकात उत्तर कोरियाने पोर्तुगालवर ३-० आघाडी घेतली आणि मग युसेबिओने चार गोल मारून सामना ५-३ ने फिरवला, तो इथेच. शेवटचा सामना १८ मे २०२५, साउदम्प्टनवर २-० असा विजय, दोन्ही गोल इलिमान एनडियायेचे. आणि नव्या हिल डिकिन्सन स्टेडियमवर प्रीमियर लीगचा पहिला सामना झाला २४ ऑगस्ट २०२५ ला. तारीख जुळली हा निव्वळ योगायोग.

तर मंडळी, तुमच्या आवडत्या क्लबचं मैदान कुणाचं आहे? क्लबचं, महापालिकेचं, लष्कराचं, की एखाद्या शेठचं? आणि त्याने काय फरक पडला?

---

सात_नंबर

लिव्हरपूलचा पाठीराखा असून हा धागा शेवटपर्यंत वाचला, याबद्दल मला काहीतरी बक्षीस द्या. :-)

होल्डिंगने धंद्यासाठी क्लब काढला, मान्य. पण पुढे त्या मैदानाला जे काही मिळालं ते प्रेक्षकांनी दिलं. कोपचंच बघा. १९०६ मध्ये लीग जिंकल्यावर क्लबने गोलमागे मातीचा उंच चढ रचला आणि त्याला स्पिऑन कोप हे नाव मिळालं. जानेवारी १९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या त्या टेकडीवर बोअरांशी झालेल्या लढाईत लँकेशायरच्या पलटणींतली पुष्कळ माणसं पडली होती. त्याच लढाईत जखमींना डोल्यांवरून खाली आणणाऱ्यांत भारतीय स्वयंसेवकांचं पथक होतं, सुमारे ११०० जणांचं, आणि ते उभं केलं होतं मोहनदास गांधींनी. ॲनफिल्डवर प्रेक्षकांचं 'यू विल नेव्हर वॉक अलोन' हे गाणं कानावर पडतं तेव्हा माझ्या डोक्यात हे हमखास येतं. इंग्लंडमध्ये इतर बऱ्याच मैदानांवरही कोप आहेत, आर्सेनलच्या जुन्या वूलिचच्या मैदानावर तर आमच्याआधीपासून होता. पण प्रसिद्ध आमचाच.

---

हिशेबी

धागा छान, पण भावनेच्या भरात एक गोष्ट सुटतेय. जुनं मैदान टिकवणं परवडत नाही हो. आर्सेनलचं हायबरी घ्या. १९१३ मध्ये हा क्लब दक्षिण लंडनमधून जवळपास दिवाळं वाजलेल्या अवस्थेत उत्तरेला आला. जागा धर्मशिक्षण देणाऱ्या एका कॉलेजची, भाडेपट्टा २१ वर्षांचा. अटी अशा की गुड फ्रायडे आणि नाताळला सामने नाहीत, मैदानावर दारू नाही. एव्हर्टनचा घरमालक बिअरवाला आणि आर्सेनलचा पाद्री, दोघांच्याही अटी दारूवरूनच! १९२५ मध्ये आर्सेनलने ती जागा ६४,००० पौंडांना विकत घेतली आणि १९३० च्या दशकात दोन देखणे आर्ट डेको स्टँड बांधले.

पण हायबरीची क्षमता शेवटी शेवटी साधारण ३८,०००. तिकिटांसाठी रांग लागलेली आणि जागा चारी बाजूंनी घरांनी वेढलेली. मग २००६ मध्ये थोड्याच अंतरावरच्या एमिरेट्सवर गेले, तिथे ६०,००० वर माणसं मावतात. बांधकाम सुमारे ३९ कोटी पौंडांचं. हायबरीच्या त्या दोन स्टँडच्या भिंती राखून आत फ्लॅट केले, खेळपट्टीच्या जागी रहिवाशांची बाग आहे. पूर्वेकडचा स्टँड वारसा यादीत असल्यामुळे पाडता आलाच नसता.

आता किंमत बघा. २००५ च्या एफए कपनंतर पुढचा चषक थेट २०१४ मध्ये. मधल्या काळात आँरी गेला, फाब्रेगास गेला, नास्री गेला, व्हॅन पर्सी तर थेट मँचेस्टर युनायटेडला. प्रशिक्षक वेंगरने त्या सगळ्या वर्षांत संघ पहिल्या चारांत ठेवला याचं श्रेय त्याला कुणी देत नाही, ही माझी जुनी तक्रार. पण स्टेडियमच्या कर्जाचा तो काळ सरला आणि आज क्लब भक्कम आहे. जागा स्वतःची असली की हे करता येतं. भाड्याच्या जागेत हा पर्यायच नसतो. म्हणजे निष्कर्ष तुमचाच, फक्त मला रडू येत नाही.

---

उत्तर_स्टँड

@हिशेबी, पाद्री घरमालक हा प्रकार आवडला. रडू मलाही येत नाही, पण मैदानाच्या नावाचं काय? एमिरेट्स हे नाव २००४ च्या करारात विकलं गेलं, तेव्हा स्टेडियम पुरतं उभंही नव्हतं. युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या, स्पर्धांत प्रायोजकाचं नाव चालत नाही, म्हणून चॅम्पियन्स लीगच्या रात्री तेच मैदान 'आर्सेनल स्टेडियम' होतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विमान कंपनीचं.

---

रंकाळा_काठ

भावांनो, तुमचं ते ॲनफिल्ड जरा बाजूला ठेवा आणि कोल्हापुरात या. आमच्याकडं उलटा प्रकार हाय. क्लब ढीगभर, मैदान एक.

बाहेरच्यांना सांगतो. आमच्याकडं फुटबॉलचे संघ म्हणजे तालमी. जिथं कुस्ती चालायची, त्याच तालमीचा फुटबॉल संघ. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संयुक्त जुना बुधवार, ऋणमुक्तेश्वर, झुंजार, फुलेवाडी... सगळ्यांची नावं घेतली नाहीत म्हणून कुणी मला रस्त्यात अडवू नये. हे सगळे खेळतात एकाच राजर्षी शाहू स्टेडियमवर. कारभार कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, म्हणजे केएसए.

मग 'घरचं मैदान' ही भानगडच नाही. प्रत्येक सामना सगळ्यांच्याच घरी. पेठेची पोरं कुठं बसणार ते मात्र ठरलेलं असतंय. पाटाकडील म्हणजे मंगळवार पेठ, शिवाजी तरुण मंडळ म्हणजे शिवाजी पेठ. हे दोघं समोरासमोर आले की पंचाच्या शिट्टीपेक्षा पोलिसांच्या शिट्ट्या जास्त ऐकू येतात असंही झालंय. हुल्लडबाजीनं सामने थांबलेत, स्पर्धांवर बंधनं आलीत, ते काय झाकून ठेवायचं कारण नाही. पण वर्गणीवर चालणारा संघ, आणि त्याच्या सामन्याला भर उन्हात स्टेडियम भरतंय, हे महाराष्ट्रात दुसरीकडं दाखवा.

@उत्तर_स्टँड, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या परीनं असं: आमच्या तालमींना जागेची मालकी आहे, पण ती तालमीच्या इमारतीची. मैदानाची नाही. म्हणून संघ पेठ सोडून जाऊच शकत नाही. कुणी विकत घेऊन इचलकरंजीला नेतो म्हटला तर नेणार काय? तालमीतला मारुती?

---

कॉमनचा_माळ

रंकाळा_काठ यांनी शेवटी जे गमतीत लिहिलं ते इंग्लंडमध्ये खरोखर झालं.

विम्बल्डन एफसी हा टेनिसवाल्या विम्बल्डनचा फुटबॉल क्लब. १९८८ मध्ये याच लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकलेला. मैदान प्लाउ लेन, १९१२ पासूनचं, छोटं आणि पडीक म्हणावं असं. १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत अखेर ९७ लिव्हरपूल पाठीराख्यांचा जीव गेला, त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने वरच्या श्रेणीतल्या क्लबांना मैदानभर खुर्च्या बसवायला लावल्या. विम्बल्डनला प्लाउ लेनवर ते झेपणार नव्हतं. १९९१ मध्ये ते क्रिस्टल पॅलेस या क्लबच्या सेलहर्स्ट पार्कवर भाड्याने राहायला गेले आणि तिथेच अडकले. दरम्यान जुनी जागा हातची गेली.

मग मालकांनी टूम काढली की क्लब मिल्टन कीन्सला न्यायचा. ९० किलोमीटर दूर! मे २००२ मध्ये एफएच्या, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या, तीन जणांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने परवानगी दिली. त्या निर्णयात आणखी एक ओळ होती. पाठीराख्यांनी खालच्या पातळीवरून नवा क्लब उभा करणं हे फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, अशा अर्थाची. विम्बल्डनचा कुठलाही पाठीराखा ती ओळ तोंडपाठ म्हणून दाखवेल.

पाठीराख्यांनी नेमकं तेच केलं. जूनमध्ये विम्बल्डन कॉमनच्या माळावर खुल्या निवड चाचण्या घेतल्या, ज्याला खेळता येतं त्याने यावं. एएफसी विम्बल्डन नवव्या पातळीवरून सुरू झाला आणि २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार श्रेणींत, पोहोचला. नऊ वर्षांत. मालकी पाठीराख्यांच्या संस्थेकडे. आधी किंग्जमेडोवर खेळत, ते नंतर चेल्सीला विकलं. मग प्लाउ लेनवरच, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, कुत्र्यांच्या शर्यतींचं स्टेडियम होतं त्या जागेवर नवं बांधलं. पैसे कमी पडले तेव्हा लोकांनी क्लबचे कर्जरोखे घेतले. ३ नोव्हेंबर २०२० ला पहिला सामना, डॉनकास्टरशी २-२. आणि गंमत म्हणा की क्रूरपणा म्हणा, करोनामुळे स्टँड रिकामे. एकोणतीस वर्षं थांबलेली माणसं घरी टीव्हीसमोर बसली.

सप्टेंबर २०२४ मध्ये शेजारच्या वांडल नदीचं पाणी शिरून खेळपट्टीच खचली, न्यूकॅसलविरुद्धचा सामना त्यांच्या मैदानावर हलवावा लागला. त्याच हंगामाच्या अखेरीला प्ले-ऑफ जिंकून वरच्या श्रेणीत गेले.

---

सात_नंबर

वा! १९८८ ची जखम उकरून काढलीत तरी प्रतिसाद आवडला.

---

इसारकाठ

म्युनिकमधून लिहितोय. इथे एक क्लब स्वतःच्याच घरात भाडेकरू झाला, तो किस्सा सांगायलाच हवा.

टीएसव्ही १८६० म्युनिक. गिझिंग भागातला क्लब, १९६६ चा बुंडेसलिगा (जर्मनीची सर्वोच्च लीग) विजेता. म्हणजे शहरातल्या दुसऱ्या क्लबच्या, बायर्न म्युनिकच्या, पहिल्या बुंडेसलिगा विजेतेपदाआधी. दोघांचंही जुनं मैदान ग्रुनवाल्डर स्टेडियम, शहराच्या मालकीचं. १९७२ च्या ऑलिम्पिकसाठी ऑलिम्पिक स्टेडियम बांधलं तसे बायर्न तिकडे गेले.

२००६ च्या विश्वचषकासाठी दोघांनी मिळून आलियान्झ अरेना बांधलं, निम्मी-निम्मी मालकी. बाहेरचं आवरण बायर्न खेळले की लाल, १८६० खेळले की निळं आणि जर्मनीसाठी पांढरं. तिथला पहिला सामनाही बायर्नचा नव्हे, १८६० चा, न्युरेम्बर्गशी, ३० मे २००५. पण १८६० तेव्हाच दुसऱ्या श्रेणीत घसरलेले. वर्षभरात पैशाची इतकी तंगी झाली की आपला ५० टक्के हिस्सा त्यांनी बायर्नलाच १.१ कोटी युरोंना विकला. त्यानंतर जवळजवळ अकरा वर्षं ते कट्टर प्रतिस्पर्ध्याला भाडं देऊन तिथे खेळले. सत्तर हजारांच्या आसपासच्या त्या भांड्यात वीस हजार प्रेक्षक म्हणजे सगळीकडे करड्या खुर्च्याच दिसायच्या.

३० मे २०१७ ला रेगेन्सबुर्गविरुद्ध हरून तिसऱ्या श्रेणीत गेले (धागालेखक, तारखांचा योगायोग आमच्याकडेही आहे). गुंतवणूकदाराने परवान्यासाठी लागणारे पैसे भरले नाहीत म्हणून तिसरीही हुकली, थेट चौथ्या श्रेणीत. आणि मग ते परत गिझिंगला, ग्रुनवाल्डरला आले. पंधरा हजारांचं मैदान, अर्ध्याहून जास्त भाग उघडा, पाऊस आला की भिजायचं. तिकिटं मात्र मिळत नाहीत! माझे जर्मन सहकारी सांगतात की क्लबचा सर्वात वाईट उन्हाळा आणि सर्वात आनंदाचा उन्हाळा एकच. घराची मालकी आजही शहराचीच आहे, हे धागालेखकाच्या सिद्धांताविरुद्ध जातं बरं का.

---

उत्तर_स्टँड

@इसारकाठ, विरुद्ध कसं? महापालिका घरमालक असेल तर भाडेकरूला उठवत नाही, एवढंच सिद्ध झालं. प्रतिस्पर्धी घरमालक झाला तेव्हा काय झालं ते तुम्हीच लिहिलंय.

---

हिशेबी

महापालिका उठवत नाही, पण दुरुस्तीही करत नाही. मिलानच्या सान सिरोत हेच झालं. १९२६ मध्ये एसी मिलानचे अध्यक्ष पिएरो पिरेली (टायरवाले) यांनी बांधलं, १९३५ मध्ये पालिकेने घेतलं, १९४७ पासून शहरातला दुसरा क्लब इंटरही तिथेच. १९८० मध्ये जुझेप्पे मेआत्सा यांचं नाव दिलं. ते दोन्हीकडून खेळलेले, पण मुख्यतः इंटरचे, म्हणून मिलानवाले आजही सान सिरोच म्हणतात. मैदान कुणी बदलायचं, खर्च कुणी करायचा यावर वर्षानुवर्षं घोळ. शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये पालिकेने ते दोन्ही क्लबना विकायला मंजुरी दिली. आता शेजारी नवं बांधणार आणि जुन्याचा बराच भाग पाडणार. त्या अकरा गोल मनोऱ्यांचं काय होणार याचंच मला वाईट वाटतं. (घ्या, आलं रडू.)

---

मांडवी

गोव्याची बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहिते. आमच्या मडगावच्या फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर कुणाकुणाचं घर होतं ते मोजा: साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स, स्पोर्टिंग क्लब द गोवा. १९८९ मध्ये बांधलेलं, मालकी सरकारची. धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. बायचुंग, विजयन असल्या खेळाडूंना आमच्या लोकांनी इथे जवळून पाहिलं. आणि २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघेही आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. आता त्या मैदानावर एफसी गोवा आहे आणि मी त्यांची पाठीराखी आहे, पण वडील अजून 'साळगांवकारांचो गेम केन्ना' असंच विचारतात.

बाकी तुम्हाला घरच्या मैदानाची खरी गंमत बघायची असेल तर करोनाचा २०२०-२१ चा आयएसएल (इंडियन सुपर लीग) हंगाम आठवा. सगळे संघ गोव्यात, हॉटेलांत कोंडलेले, सामने फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर. केरळ ब्लास्टर्सचं 'घर' बांबोळी! स्टँडमध्ये कुणीच नाही. फुटबॉल तसा बरा झाला, पण एकही सामना माझ्या लक्षात राहिलेला नाही. मुंबईने जिंकला हे तेवढं आठवतं, कारण फायनल आमच्या दारात आणि आम्ही बाहेर.

---

पश्चिम_रेल्वे

मुंबई सिटीचं नाव निघालंच आहे तर... आमचं घर नेमकं कुठलं हे आम्हालाच विचारावं लागतं. २०१४ ला क्लब सुरू झाला तेव्हा नेरुळचं डी. वाय. पाटील. ते क्रिकेटचं, आणि मुंबईतही नाही. २०१६ पासून अंधेरीचं शहाजीराजे क्रीडा संकुल, महापालिकेचं. लहान आहे, खेळपट्टीच्या जवळ बसायला मिळतं, आणि वेस्ट ब्लॉक ब्लूज या पाठीराख्यांच्या गटाची पोरं नव्वद मिनिटं गात असतात. मला विचाराल तर भारतातल्या छान फुटबॉल मैदानांपैकी एक. पण २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीग खेळायची वेळ आली तेव्हा इराणच्या नासाजीविरुद्ध 'घरचा' सामना पुण्याच्या बालेवाडीला आणि अल हिलालविरुद्धचा डी. वाय. पाटीलला. अल हिलालचा नेमार येणार म्हणून लोकांनी स्वप्नं पाहिली, तो आधीच जायबंदी झाला. अंधेरीच्या मैदानात आशियाई दर्जाच्या सोयी करायला कोण पुढे येणार? पालिकेला फुटबॉल हा प्राधान्याचा विषय नाही, क्लबने दुसऱ्याच्या जागेत पैसे का घालावेत. हिशेबींचं म्हणणं इथे तंतोतंत लागू.

मुंबईच्या जुन्या कूपरेज मैदानाचं तर बोलायलाच नको. १८९१ पासूनच्या रोव्हर्स कपच्या आठवणी असलेल्या माणसांना आजचे सामने दाखवले तर ते 'प्रेक्षक कुठायत' असं विचारतील.

---

हावडा_मेल

नोकरीनिमित्त कोलकात्यात बरीच वर्षं आहे. इथला घरमालक सर्वांत वेगळा: भारतीय लष्कर. 'मैदान' नावाचा इथला मोकळा पट्टा सगळाच लष्कराचा. म्हणून मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन या शतकभर जुन्या क्लबांच्या कचेऱ्यांना आजही 'तंबू' म्हणतात, आणि काहीही पक्कं बांधायचं तर लष्कराची परवानगी लागते. या क्लबांची छोटी मैदानं तिथे आहेत, सभासद रोज संध्याकाळी येऊन बसतात. मोठे सामने मात्र १९८४ मध्ये उभ्या राहिलेल्या सॉल्ट लेक स्टेडियमवर, ते राज्य सरकारचं. १३ जुलै १९९७ ला फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात बायचुंगच्या हॅटट्रिकने ईस्ट बंगालने मोहन बागानला ४-१ हरवलं तेव्हा १,३१,७८१ प्रेक्षक होते अशी नोंद आहे. क्लबांकडे लाखाचा प्रेक्षक आहे, पण विटेवर वीट ठेवायचा अधिकार नाही.

---

मर्सीची_सून

मी लिव्हरपूलजवळ विरलला राहते, सासर कट्टर एव्हर्टनचं. त्यामुळे मूळ मुद्द्यावर दोन गोष्टी सांगते.

एक, गुडिसन पाडलेलं नाही. आधी पाडून घरं आणि सार्वजनिक जागा करायचा बेत होता. शेवटच्या सामन्याच्या थोडं आधी क्लबने जाहीर केलं की आता तिथे महिला संघ खेळणार, आणि तो खेळतो आहे. मला हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वात शहाणपणाचं पाऊल वाटतं. महिला फुटबॉलला कायम कुठल्यातरी दूरच्या उपनगरातलं उसनं मैदान मिळतं. इथे त्यांना जुनं, नाव असलेलं, शहरातलं मैदान मिळालं. आमच्या सासरेबुवांनी आयुष्यात पहिल्यांदा महिलांच्या सामन्याचं तिकीट काढलं, कारण त्यांना 'आपल्या' स्टँडमध्ये बसायचं होतं. सामना संपेस्तोवर पंचावर तितकेच चिडले होते.

दोन, नवं स्टेडियम मर्सी नदीच्या ब्रॅमली-मूर गोदीवर आहे. गोदी बुजवून बांधलंय. क्षमता साधारण ५३,०००. सँडहिल्स स्टेशनवरून चालत जाता येतं, पण सामना संपल्यावर परतीच्या रांगेत अंगावर येणारा नदीचा वारा हिवाळ्यात सोसवत नाही, गरम टोपी न्या. जुलै २०२१ मध्ये युनेस्कोने लिव्हरपूलला जागतिक वारशाच्या यादीतून काढलं, त्याच्या कारणांत हे स्टेडियमही होतं. इथल्या लोकांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. ती गोदी वर्षानुवर्षं कुंपणाआड पडून होती, तिथे कोण जात होतं?

नाव एका वकिली कंपनीचं आहे. ते घरात कुणीही उच्चारत नाही.

---

रंकाळा_काठ

ताई, सासरेबुवांना आमचा मुजरा सांगा. आणि कोल्हापूरला घेऊन या, पंचावर चिडायला आमच्याकडं भरपूर साथ मिळंल.

---

उत्तर_स्टँड

@मर्सीची_सून, महिला संघाचा मुद्दा मूळ धाग्यातच यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. विम्बल्डनने सोडलेल्या किंग्जमेडोवरही पुढे चेल्सीचा महिला संघच खेळू लागला.

आतापर्यंतचं वाचून माझं मत थोडं सरकलंय. मालक कोण यापेक्षा मालकाला तुमच्याकडून काय हवंय हे बघावं लागेल. होल्डिंगला नफा हवा होता, बायर्नला जागा हवी होती, कोलकात्यात लष्कराला काहीच नकोय. म्हणूनच तंबू टिकले आणि तंबूच राहिले.

@इसारकाठ, बर्लिनच्या युनियनबद्दल लिहा ना. २००८-०९ मध्ये त्यांच्या पाठीराख्यांनी स्वतः घमेली उचलून आल्टे फोर्स्टेराइचे स्टँड बांधले, दोन हजारांवर माणसं राबली, आणि पुढे स्टेडियमचे समभाग सभासदांनाच विकले. या धाग्यात तेवढा एक मालक राहिलाय.

---

इसारकाठ

लिहितो, पण बर्लिनचा माझा मित्र त्यात राबलेल्यांपैकी आहे, त्याला विचारून लिहितो. शनिवारपर्यंत वेळ द्या.

---

सात_नंबर

तोवर कुणीतरी मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डचा वेगळा धागा काढा. २०२५ च्या मार्चमध्ये एक लाख क्षमतेच्या नव्या स्टेडियमचं चित्र दाखवलं, वर सर्कशीसारखा तंबू, आणि सध्याच्या छतातून पाणी गळतंय ते गळतंयच. मला त्यावर बरंच बोलायचं आहे आणि ते इथे बोललो तर संपादक उडवतील.